पुलाखालचं बिऱ्हाड आणि गावातला नमुना ८

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे ग्रामपंचायत सदस्य विचारतात : गावातली अकरा कुटुंबं दिवाळीनंतर नागपूर-पुण्याला कामाला जातात आणि तिथे पुलाखाली, नाहीतर बांधकामाच्या कडेला राहतात. त्यांतल्या चौघांची नावं घरकुलाच्या यादीतून गळाली. दोघांची घरकुलं जोत्यावर अडली. शहरात निवारे आहेत म्हणतात, पण ही माणसं तिथे जात नाहीत. ग्रामपंचायत यात नेमकं काय करू शकते?

उत्तर :

पुष्कळ करू शकते. पुलाखालच्या कुटुंबाला शहर फार तर रात्रीचं छप्पर देईल. जागेचा कागद, घरकुलाच्या यादीतलं नाव आणि जॉब कार्ड या गोष्टी गावातच मिळतात किंवा गावातच जातात. त्यामुळे सुरुवात गावच्या दप्तरापासून करा.

आधी अकरा घरांची वही घाला. घरटी एक पान. त्यावर कुटुंबातले सगळे, आधारवरचं नाव जसं छापलंय तसं, जॉब कार्ड क्रमांक, रेशन कार्डाचा प्रकार, कोण कोणत्या शहरात कोणत्या ठिय्यावर (मजुरांच्या नाक्यावर) उभा राहतो, मुकादम कोण, उचल किती घेतली, जायची आणि यायची तारीख, आणि दोन मोबाइल नंबर : एक त्यांचा, एक गावात मागे राहणाऱ्या नातेवाइकाचा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा : आत्ता राहतात ती जागा कोणाची? स्वतःची, भावकीची, गावठाणातली, ई-क्लासची (गुराचराईची सरकारी), की वनखात्याची? पुढचं सगळं या रकान्यावर ठरतं. नमुना ८ वर नाव आहे म्हणजे जागा आपली, असा गावोगाव समज आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावात ड्रोनने स्वामित्व मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका बघा. झाली नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून गावठाणाचा नकाशा काढा.

नावं का गळतात

कॅलेंडर बघा. मजूर दिवाळीनंतर जातो आणि होळीला, फार तर अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परततो. मेळघाटातले कोरकू असोत की मिरची तोडायला तेलंगणात उतरणारी गडचिरोलीची माणसं, महिने थोडे पुढेमागे होतात एवढंच. ग्रामसभा होतात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. यादीचं वाचन २६ जानेवारीच्या सभेत ठेवलं की ज्यांच्यासाठी यादी आहे नेमके तेच हजर नसतात. घरकुलाचं, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजनेचं, ताजं आवास प्लस सर्वेक्षणही २०२५ च्या जानेवारीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चाललं. त्यात मोबाइलवर चेहऱ्याची पडताळणी होती, राहत्या घराचा फोटो जागेवरूनच काढायचा होता. दाराला कुलूप दिसलं की शेरा पडतो, ‘कायमचे स्थलांतरित’. तो शेरा लिहायला दोन मिनिटं लागतात, काढायला दोन वर्षं.

तो काढायचा कसा? तुमच्या चौघांसाठी कुटुंबागणिक वेगळा अर्ज करा, सामूहिक निवेदन देऊ नका. अर्जाला मतदार यादीचं पान, रेशन दुकानातल्या उचलीची नोंद, मुलांचा शाळेचा दाखला आणि रोजगार हमीच्या हजेरीची छापील प्रत जोडा. ग्रामसभेचा ठराव नावानिशी घ्या. ‘सदर कुटुंब हंगामी स्थलांतर करते, गावात कायम वास्तव्य आहे, पक्के घर नाही’ एवढी तीन वाक्यं त्यात हवीत. प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, दुसरी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेला, आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

काही नावं शेऱ्याने गळत नाहीत, निकषाने गळतात. २०२४ मध्ये निकष सैल झाले. दुचाकी, फ्रीज असल्यामुळे आता नाव जात नाही आणि मासिक कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली. पण दोन अटी आपल्या भागात अजून टोचतात. एक म्हणजे कोरडवाहू ५ एकर किंवा त्याहून जास्त जमीन. साडेपाच एकर बरड वावर असलेला माणूस कागदावर बागायतदारासारखा वजनदार ठरतो. दुसरी अट किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार किंवा अधिक असण्याची. कापूस-सोयाबीनला पीककर्ज घेणाऱ्याची मर्यादा सहज तिथे पोचते, मग खातं थकीत का असेना. म्हणजे कर्ज मिळालं हाच सुस्थितीचा पुरावा! यात ग्रामपंचायतीला फारसं काही करता येत नाही. मात्र सातबारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद आणि वाटणी करून प्रत्येकाचा खरा हिस्सा कागदावर आणता येतो. एकत्र नऊ एकर दिसणारी जमीन चार भावांत सव्वादोन-सव्वादोन एकर होते.

जागा नसेल तर

भूमिहीनांचं घरकुल बहुधा इथेच मरतं. मंजुरी येते आणि जागेअभावी परत जाते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. गावाच्या कडेचं वावर गुंठ्याने घ्यायला गेलात की तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी) आडवी येऊ शकते. म्हणून सौदा करण्याआधी तलाठ्याला आणि दुय्यम निबंधक कार्यालयाला विचारा. साध्या स्टँपवरची खरेदी या योजनेत चालत नाही.

सरकारी जागेवर आधीपासून राहणाऱ्यांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे. १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं त्याखाली नियमानुकूल करता येतात. पुरावा त्या तारखेच्या आधीचा लागतो : कर पावती, वीजबिल, मतदार यादी. गावठाणातलं प्रकरण तुलनेने सोपं जातं. गायरानाचं अडतं, कारण सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ ला गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्याच निकालात अपवादही आहे. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासनाच्या अधिसूचनेखाली पट्टा दिला असेल तर नियमित करता येतं. कार्यालयात निकालाचा पहिला भाग ऐकवतात, हा दुसरा तुम्हाला ऐकवावा लागेल.

पारधी बेडा (पारध्यांची वस्ती) असेल तर गोष्ट आणखी वेगळी. बेडा वर्षानुवर्षं त्याच माळावर असतो, पण गावाच्या मतदार यादीत तो नसतो, कारण गावाला तो नको असतो. हे मोकळेपणी बोललं पाहिजे : विदर्भातली कित्येक कुटुंबं नागपूर-मुंबईच्या पदपथावर पोचली ती दुष्काळाने नाही, गावाने टिकू दिलं नाही म्हणून. त्यांना पहिला कागद लागतो जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. फिरत्या माणसाकडे तो कुठून असणार? अशा वेळी स्थानिक गृहचौकशीचा अहवाल मागून घ्यायचा. मंडळ अधिकारी आणि तलाठी वस्तीवर येऊन पंचनामा करतात. पंच म्हणून सरपंच किंवा सदस्याने सही केली तर अहवाल टिकतो. दाखला आला की दारं उघडतात. पारध्यांसाठी पारधी आवास आहे, इतर आदिवासींसाठी शबरी, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, इतर मागासांसाठी मोदी आवास. विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, तिच्यात कुटुंबाला ५ गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर धरलेलं आहे. कोलाम आदिवासींच्या पोडासाठी (वस्तीसाठी) २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानातून घरामागे २ लाख रुपये आहेत, तेव्हा कोलाम कुटुंबाला सवयीने १ लाख २० हजारांच्या यादीत घालू नका.

जोत्यावर अडलेली दोन घरं

हे सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि गडचिरोलीसारख्या दुर्गम, नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी धरलेली असते. २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने ती २८,०८० रुपये होते. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार सौर पॅनलसाठी आहेत. एकूण आकडा बरा दिसतो, पण तो एकदम येत नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचा मोठा हप्ता जोतं पुरं होऊन त्याचा जागेच्या खुणेसह फोटो चढल्यावर. काळ्या मातीत १५ हजारांत जोतं होत नाही. मग माणूस बचत गटाचे, मायक्रोफायनान्सचे किंवा मुकादमाचे पैसे उचलतो आणि ते फेडायला शहराची वाट धरतो. तोवर जुनी कुडाची झोपडी त्याच जागेवरून पाडलेली असते. तुमची दोन कुटुंबं अशीच गेली असतील, बघा चौकशी करून.

यातून निघालेला पहिला नियम : जोतं होऊन दुसरा हप्ता खात्यावर पडेपर्यंत जुनं छप्पर पाडू द्यायचं नाही. जागा अपुरी असेल तर शेजारच्या परसात तुराट्या-पऱ्हाट्यांची भिंत आणि जुनी टिनं घालून बिऱ्हाड आधी हलवा.

आता पाया. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन फूट खोदून त्यावर भिंत उभी केली तर दुसऱ्याच पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, बहुतेक ठिकाणी ३ ते ५ फूट. त्याहूनही खोल माती असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याकडून खांबांचा पाया काढून घ्या, अंदाजाने रेटू नका. जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरायचा, अर्धा-अर्धा फुटाचे थर देऊन, प्रत्येक थर पाणी मारून ठोकून. खोदलेली माती परत आत लोटणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. जोत्यावर सलग बीम हवा : चार सळ्या १० मिलिमीटरच्या, रिंगा दर ८ इंचांवर. बाहेरून भिंतीलगत २ फूट रुंद पट्टा उताराने करायचा, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरत नाही.

घराचा किमान आकार स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. ९ इंची भिंत आणि मधे एक पडदी धरली तर पायासकट ९ ते १० हजार विटा लागतात. वीट ७ रुपयांनी पकडा : ६३ ते ७० हजार तिथेच गेले. टिनाचं छप्पर असेल तर सिमेंट ६० पोत्यांच्या आसपास, स्लॅब घातला तर ८५ ते ९०. रेती साधारण ५ ब्रास. घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे, परवाना तहसीलमधून मिळतो. फक्त घाटापासूनची वाहतूक लाभार्थ्याच्या अंगावर पडते. अकरा घरांची मागणी एकत्र करून एकाच वाहनाच्या फेऱ्या लावल्या तर भाडं आवाक्यात येतं, सुट्या सुट्या घरांना ट्रॅक्टरवाला वाटेल तो दर सांगतो. कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या राखेपासून केलेल्या विटा जवळ मिळत असतील तर त्या घ्या. आकार एकसारखा असल्याने मसाला कमी लागतो आणि गिलावा पातळ बसतो.

माझं स्पष्ट मत : आधी टिन. स्लॅबच्या हौसेपायी अर्धी राहिलेली घरकुलं गावोगाव दिसतात, सळ्या आकाशाकडे बघत गंजलेल्या. भिंती आणि बीम पक्के केले तर स्लॅब चार वर्षांनी टाकता येतो.

रोजगार हमीचा हजेरीपट मागणी केल्यावरच निघतो आणि मागच्या तारखेचा निघत नाही. काम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी ग्रामरोजगार सेवकाकडे लेखी मागणी द्यायची. कुटुंब दसऱ्यानंतर जोतं धरून दिवाळीच्या आसपास पुरं करेल असं बसवा. नवरा-बायको दोघं स्वतःच्याच घरावर हजेरीवर असतील तर मुकादमाची उचल थोडी तरी कमी लागते. पुढचा टप्पा होळीनंतर, पावसाळ्याआधी. मधल्या काळात फोटो चढवायला मागे राहिलेला नातेवाईक ठरवून ठेवा. हप्ता अडण्याची कारणं बहुधा चिल्लर असतात. पहिला फोटो जुन्या झोपडीचा आणि दुसरा पन्नास मीटर दूरचा, आधारवर ‘रामभाऊ’ आणि पासबुकावर ‘रामा’, किंवा आधार जोडणी तिसऱ्याच बँकेच्या खात्याला. पैसे ‘गेले’ दिसतात पण मिळत नाहीत, तेव्हा शेवटचं कारण आधी तपासा. घर बायकोच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचा नियम आहे तो कटाक्षाने पाळा. पुढे नवऱ्याने टाकलं किंवा तो गेला तर बाईला घराबाहेर काढणं अवघड होतं.

शहरातलं

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात १७ लाख ७३ हजार निघाले, त्यांतले ९ लाख ३८ हजार शहरांत, आणि महाराष्ट्रात २ लाखांहून जास्त. एका रात्रीत पुलाखाली सापडले तेवढेच मोजले जातात, तेव्हा हा आकडा कमीच धरायचा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने मापदंड घालून दिला होता : दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे १०० जणांसाठी एक कायमचा, चोवीस तास उघडा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. नागपूरची लोकसंख्या तेव्हाच २४ लाख होती. हिशेब तुम्हीच करा.

तुमची माणसं तिथे का जात नाहीत? बहुतेक निवारे एकट्या पुरुषांसाठी किंवा एकट्या बायांसाठी असतात, आणि तुमची कुटुंबं लेकरांसकट जातात. घमेली, फावडं, चुंगड्यातला शिधा ठेवायला जागा नसते. आणि निवारा ठिय्यापासून दूर असेल तर सकाळी सातला उभं राहणं जमत नाही, ठिय्यावर उशिरा पोचलेल्याला त्या दिवशी काम नाही. म्हणून माणूस पुलाखाली झोपतो, त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असतं. निघण्याआधी तुम्हीच महापालिकेच्या समाजविकास विभागाला फोन करून तीन गोष्टी विचारा : कुटुंबासाठी खोली कुठे आहे, सामान ठेवता येतं का, आणि ओळखपत्राशिवाय पहिली रात्र घेतात का. उत्तर वहीत त्या कुटुंबाच्या पानावर लिहून द्या.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे मुकादमाकडून बांधकामाच्या आवारातच टिनाची खोली, पाणी आणि संडास आधी ठरवून घेणं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात मालकाने कामाच्या जागेजवळ तात्पुरतं राहण्याचं ठिकाण फुकट द्यायचं होतं; २०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा नव्या श्रम संहितांत गेला. हे कलम मुकादमाला कधी माहीत नव्हतं आणि मजुरालाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला एवढंच लागतं. तो दाखला ग्रामसेवक देऊ शकतो. कामावर मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख मिळतात, पण नोंदणी दरवर्षी नूतन केली असेल तरच, आणि इथेच निम्मे गळतात. जायच्या आधीच्या महिन्यात नूतनीकरणासाठी एक दिवस ठेवा.

रेशन राज्यात कुठेही उचलता येतं. मात्र ई-केवायसी सगळ्या नावांचं झालेलं हवं आणि अंगठा गावातच एकदा तपासून बघावा. विटा-सिमेंट हाताळून बोटांचे ठसे झिजतात आणि पुण्याच्या दुकानात मशीन ‘नाही’ म्हणतं. म्हातारी मागे राहणार असेल तर तिचे श्रावणबाळचे महिना १५०० रुपये चालू आहेत ना, हयातीचा दाखला भरलाय ना, हे बघा. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने दिवाळीच्या सुट्टीआधीच पाठवायचा असतो. नंतर दिलेला प्रस्ताव लेकरं गेल्यावर मंजूर होतो.

कुटुंबातलं कोणी मनाने ढळलेलं असेल आणि शहरात हरवलं, तर पोलिसांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. भिकारी म्हणून उचलणं वेगळं. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. रस्त्यावर झोपलेला मजूर त्यात सापडू नये म्हणून ई-श्रम किंवा बांधकाम कामगार कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि छापील प्रत खिशात, दोन्ही ठेवायला सांगा. पुलाखाली पहिली चोरी मोबाइलचीच होते.

दवाखान्यापायी रस्त्यावर आलेल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नागपूरच्या मेडिकल रुग्णालयाबाहेर रात्री झोपणाऱ्यांत आपल्या जिल्ह्यांतले पुष्कळ असतात. गाडगेबाबांनी मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधल्या त्या याचसाठी. रुग्ण पाठवताना दवाखान्याच्या समाजसेवा अधीक्षकाचा नंबर सोबत द्या. कोणती धर्मशाळा उघडी आहे ते त्या खिडकीवरच कळतं.

तुमच्या अकरा घरांच्या बाबतीत क्रम असा धरा. १५ ऑगस्टच्या सभेत वहीचं वाचन आणि चौघांचे ठराव, २ ऑक्टोबरच्या सभेत जागेचे प्रस्ताव, दसऱ्याला दोन अडलेल्या जोत्यांची हजेरीपट मागणी. २६ जानेवारीच्या सभेत यादी ठेवायची वेळ आलीच तर ती तहकूब करून १ मे ला घ्यावी असा ठराव आधीच करून ठेवा, कारण त्या दिवशी ही माणसं सभेत बसलेली असतील.